धूम्र हातबाँब, संग्राह्य
सैन्याच्या हालचाली झाकणारा धुराचा पडदा निर्माण करणारे किंवा रंगीत धुराने खूण दाखविणारे हातबाँब. जुन्या युद्धसाहित्याचे संग्राहक त्यांची रिकामी, निष्क्रिय केलेली कवचे जमवितात. प्रकार व काळ ठरविताना कवचाची घडण, रंग, फ्यूज आणि गट क्रमांक यांचा एकत्रित विचार करावा लागतो. केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे असते.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘३९’ नमुना नेहमीच्या दांड्याच्या हातबाँबसारखाच दिसतो. मात्र त्याच्या डोक्याच्या तळाशी धूर बाहेर पडण्याची छिद्रे असून त्यावर तुटक पांढरा पट्टा असतो. ब्रिटिश ‘क्रमांक ७७’ हा पत्र्याचा डबा १९४३ च्या सुमारास वापरात आला.

सर्वांत अधिक आढळणारा नमुना म्हणजे अमेरिकी ‘एम-१८’. त्याची उंची सुमारे १४·६ सेंमी., व्यास ६·३ सेंमी. व वजन सुमारे ५४० ग्रॅ. असते. तो ५० ते ९० सेकंद लाल, हिरवा, पिवळा वा जांभळा धूर सोडतो. व्हिएटनाम युद्धात हेलिकॉप्टरांना उतरण्याची जागा त्याने दाखवीत. रंग आधी कळविल्यास शत्रूही तोच धूर सोडी. म्हणून वैमानिक दिसलेला रंग सांगे व जमिनीवरील सैनिक त्यास दुजोरा देत. महायुद्धकालीन अमेरिकी धूम्रबाँबचे कवच करडे असून त्यावर पिवळा पट्टा व पिवळी अक्षरे असत. पुढे फिकट हिरवे कवच व काळी अक्षरे आली, तर त्यानंतरच्या ‘एम-१८’ वर गडद हिरव्या कवचाभोवती फिकट हिरवा पट्टा दिसतो. डब्याचे टोपण धुराच्या रंगाचे असते.

खरा पुरावा गट क्रमांकाचा. नंतरच्या अमेरिकी पद्धतीत उत्पादकाच्या संक्षेपानंतर वर्षाचे दोन अंक व महिन्याचे अक्षर येते. यांत ‘आय’ वगळलेले असल्याने ‘ए’ म्हणजे जानेवारी, तर ‘एम’ म्हणजे डिसेंबर; त्यामुळे ‘७८सी’ याचा अर्थ मार्च १९७८ असा होतो. फ्यूजचा गट वेगळा असतो. तो कवचापेक्षा थोडा जुना असणे स्वाभाविकच आहे, कारण फ्यूज आधी तयार होऊन साठ्यात राहतात. तो कवचाहून नवा असल्यास मात्र जोडणी नंतरची समजावी. करड्या रंगाखाली हिरवा थर दिसत असेल, तर रंग नव्याने दिलेला असतो.

या परीक्षेत चूक झाल्यास केवळ किंमतच बुडते असे नाही. पडद्याच्या पांढऱ्या धुरासाठी वापरलेल्या हेक्झॅक्लोरोएथेन व जस्त ऑक्साइड यांच्या मिश्रणापासून फुप्फुसांना घातक असे जस्त क्लोराइड तयार होते. ‘क्रमांक ७७’ व अमेरिकी ‘एम-१५’ यांत तर पांढरा फॉस्फरस भरलेला असे. पत्रा गंजून हवा आत शिरली की, तो सुमारे ३०° से. तापमानालाच पेट घेतो. त्यामुळे वजनदार, छिद्ररहित किंवा कडी शाबूत असलेला नमुना न हलविता पोलिसांना कळवावे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत हातबाँब, फ्यूज व दारूगोळ्याचे भाग यांचाही समावेश आहे.