मॅटाडोरचा सखल हौदा

मालवाहू मोटारी, तीनचाकी आणि रुग्णवाहिका यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला, आणि त्यानंतर विक्रेत्यांच्या जाहिरातींतून, व्यापाऱ्यांच्या बैठकांतून आणि वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांतून जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी किमतीची झाली. कोणती गाडी किती स्वस्त झाली हे वाचकांना आता तोंडपाठ आहे. त्या हिशेबात पुन्हा शिरण्याचे प्रयोजन नाही. मला या निमित्ताने निराळीच बाब मांडावयाची आहे. नव्या गाड्यांची खरेदी मोठ्या प्रमाणावर होण्याचा संभव जेव्हा असतो, तेव्हाच गाडी कशी असावी हा प्रश्न विचारण्यात अर्थ असतो. आणि मालवाहू व्हॅनपुरते त्या प्रश्नाचे एक अत्यंत समंजस उत्तर पुण्याजवळच्या आकुर्डीत एके काळी तयार होत होते. मॅटाडोर हे ते उत्तर, आणि तिच्या हौद्याचा जमिनीपासून फारसा वर न चढलेला तळ हा तिचा गुण मला इतर सर्व गुणांहून मोलाचा वाटतो.

कराने गाडीचे रूप ठरावे ही गोष्ट तशी जुनीच आहे. मॅटाडोरच्या वंशाचा उत्कर्ष एका करसवलतीपासूनच झाला. जर्मनीत १९२८ साली असा नियम झाला की चारांहून कमी चाके आणि २०० घनसेंटीमीटरपर्यंतचे इंजिन असलेल्या वाहनाला करही नाही आणि चालकाच्या परवान्याची जरुरीही नाही. महायुद्धाने आणि त्यामागून आलेल्या चलनफुगवट्याने नाडलेल्या त्या देशात किराणा दुकानदार, बेकरीवाले, किरकोळ कोळसाविक्रेते अशा लोकांना मोटार बाळगण्याची ऐपत नव्हती. परंतु माल तर रोज पोहोचवावाच लागे. हँबुर्गजवळच्या व्हिडाल आणि पुत्र या पेढीने ‘टेम्पो’ या नावाने ज्या तीनचाकी गाड्या बांधल्या, त्या या लोकांसाठी. ‘गोलियाथ’ नावाने दुसऱ्या एका कारखानदाराच्या गाड्याही त्याच नियमाच्या आश्रयाने वाढल्या. तिशीच्या दशकात टेम्पोच्या अभियंत्यांनी इंजिन आणि ओढण्याचे काम ही दोन्ही पुढच्या एकाच चाकावर सोपवली. मागे नुसती दोन चाके आणि त्यांच्यामध्ये पसरलेला मोकळा हौदा राहिला. काटकसरीपोटी केलेल्या या मांडणीतून जो लाभ झाला तो, माझ्या मते, मालवाहतुकीच्या इतिहासात पुरेसा नोंदला गेलेला नाही.

तो लाभ नीट ध्यानात येण्यासाठी एखाद्या सर्वसाधारण ट्रकच्या खाली वाकून पाहावे. इंजिन पुढे आणि गती मागच्या चाकांना, अशी ज्याची रचना, त्याच्या पोटाखालून पोलादाचा फिरता शाफ्ट पुढून मागे न्यावा लागतो. मागच्या आसाच्या मधोमध डिफरन्शियलचे जड घर असते. खड्ड्यात चाक आदळले की ही सगळी यंत्रणा वर उसळते, म्हणून तिला हालचालीस जागा सोडावी लागते. त्या जागेच्या वर लांब तुळयांचा सांगाडा, सांगाड्याच्या वर आडव्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवर हौद्याचा पत्रा. एकेक थर रास्त आहे, परंतु सगळे मिळून तळ माणसाच्या कमरेपर्यंत, मोठ्या ट्रकमध्ये छातीपर्यंत चढतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत शाफ्ट नाही आणि मागे डिफरन्शियलही नाही. तेव्हा दोन मागच्या चाकांच्या दरम्यान तळ जितका खाली आणता येईल तितका आणण्यास कारखानदार मोकळा असतो. फ्रान्समध्ये सित्रोएनने १९४७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात जी ‘एच’ व्हॅन मांडली ती याच तत्त्वावरची होती. नालीदार पत्र्याची, दिसण्यास ओबडधोबड अशी ती गाडी १९८१ पर्यंत बनत राहिली, आणि पालेभाजीवाल्यांपासून खाटकांपर्यंत सर्वांनी ती वापरली, कारण तिच्या सपाट तळावर एका पावलात चढता येई आणि आत ताठ उभे राहता येई.

टेम्पोची चारचाकी मॅटाडोर आली १९४९ साली. तिच्यात चालकाच्या आसनाखाली फोक्सवागनचे २५ अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले होते आणि ते पुढची चाके फिरवीत असे. फोक्सवागनची स्वतःची व्हॅन तयार होऊ लागली ती १९५० साली. तीत इंजिन मागे असल्यामुळे शाफ्ट तिलाही नव्हता, परंतु मागच्या दाराशीच इंजिनाचा उंचवटा आल्यामुळे माल बाजूच्या दाराने भरावा लागे. आपलेच इंजिन घालून दुसऱ्याने आपल्याशी स्पर्धा करावी हे कोणत्या कारखानदारास रुचेल? १९५२ साली फोक्सवागनने इंजिनांचा पुरवठा बंद केला. टेम्पोने प्रथम हाइंकेलची आणि पुढे ब्रिटनच्या ऑस्टिनची इंजिने घेऊन काम चालवले. गाडीचे हृदय अनेकदा बदलले, तळ मात्र खालीच राहिला.

या वंशाची एक शाखा आपल्याकडे आणण्याचे श्रेय नवलमल कुंदनमल फिरोदिया यांचे. अहमदनगरचे वकील, स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेले, आणि ज्या काळात माणसाने माणसाला ओढून नेण्याची वहिवाट शहराशहरांतून सर्रास होती त्या काळात ऑटोरिक्षाचा पुरस्कार करणारे असे हे गृहस्थ होते. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि व्हिडाल यांच्या सहकार्याने ‘हॅन्सियाट’ ही तीनचाकी येथे बनू लागली. साठीच्या दशकात कारखाना आकुर्डीस आला, चारचाकी ‘व्हायकिंग’ निघाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस मॅटाडोर. तिकडे जर्मनीत व्हिडाल यांची पेढी हानोमागच्या ताब्यात गेली होती, आणि हानोमागचा वाहनविभाग सत्तरीच्या उंबरठ्यावर डाइमलर-बेन्झने घेतला. त्यामुळे हँबुर्ग-हारबुर्गच्या कारखान्यातील ही पुढून ओढली जाणारी व्हॅन काही वर्षे मर्सिडीजचे नाव लावून विकली गेली. आपल्या मॅटाडोरला या नात्याचा फायदा ऐंशीच्या दशकात मिळाला. मर्सिडीजच्या २४०डी या मोटारीतील २.४ लिटरचे डिझेल इंजिन परवान्याखाली भारतात बनू लागले, आणि जर्मनीत ज्या इंजिनावर टॅक्सी चालत त्याच इंजिनावर आपल्याकडे दुधाचे कॅन, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, शाळेची मुले आणि लग्नाचे वऱ्हाड वाहिले जाऊ लागले.

सखल तळाचे महत्त्व पुस्तकातून कळत नाही. ते बाजारात उभे राहून पाहावे लागते. गुलटेकडीच्या बाजारात पहाटे मोठा ट्रक भरला जातो तेव्हा हमालांची टोळी असते. दोघे हौद्यात उभे, बाकीचे पाठीवर पोते घेऊन येतात, फाळक्याला पाठ लावून पोते सोडतात, आणि वरचे दोघे ते ओढून थप्पीला लावतात. तेथे हौद्याची उंची पाठीच्या उंचीशी जुळत असल्यामुळे ती एका अर्थी सोयीचीही ठरते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु छोट्या व्यापाऱ्याच्या गाडीजवळ टोळी नसते. तेथे एक हमाल असतो, फार तर हात लावायला चालक असतो, आणि हमालाला पोते पाठीवर घेऊन स्वतःच आत जावे लागते. तळ खाली असला की तो डावा पाय कडेवर ठेवतो, एका हाताने दाराची चौकट धरतो आणि त्याच झोकात आत जाऊन पोते जागेवर टाकतो. तळ वीस सेंटीमीटर वर असला की हा झोक तुटतो. मग तो पोते आधी कडेवर टेकवतो, रिकामा वर चढतो, आणि वाकून ते पुन्हा उचलतो किंवा फरफटत नेतो. एकाच पोत्याचे दोनदा उचलणे होते, आणि दुसरे उचलणे कमरेतून वाकून असल्यामुळे अधिक घातक. शंभर किलोची शंभर पोती भरली तर दहा टन ओझे वीस सेंटीमीटर अधिक वर नेले गेले, आणि त्या प्रत्येक खेपेस माणसाने स्वतःचे शरीरही तितकेच वर चढवले, हा हिशेब कोणत्याही बिलात येत नाही.

मॅटाडोर रस्त्यावर येत होती तोच काळ श्रमाच्या ओझ्याविषयी समाज जागा होण्याचा होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा अधिनियम १९६९ साली झाला. कायद्याने मजुरी, नोंदणी आणि कल्याण यांची तजवीज केली, आणि ती अत्यंत आवश्यक होती. पोते किती उंच चढवावे लागते हे मात्र गाडी बांधणाऱ्याच्या हाती राहिले.

मॅटाडोरचे दोष मी झाकून ठेवू इच्छीत नाही. ती चालवलेल्या जुन्या चालकांना विचारले तर घाटाची तक्रार सर्वप्रथम ऐकू येते. माल सगळा मागे, ओढणारी चाके पुढे; त्यात चढ लागला की भार आणखी मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात, आणि पावसाळ्यात निसरड्या वळणावर ती जागच्या जागी फिरू लागतात. शिवाय वळणे आणि ओढणे ही दोन्ही कामे त्याच चाकांना करावी लागत असल्याने त्यांचे सांधे झिजत. आणि आपल्याकडे एक टनाची गाडी एक टनावर थांबते असे कधी झाले नाही! सपाट प्रदेशातील हँबुर्गच्या बंदरासाठी आखलेली रचना खंबाटकीच्या नि कसाऱ्याच्या चढावर दमली तर त्यात नवल नाही. १९८६ साली टाटांची ४०७ आली, त्याच सुमारास जपानी सहकार्याने चार कंपन्यांचे हलके ट्रक आले, आणि ते सगळे मागच्या चाकांनी ढकलले जाणारे होते. खुद्द मर्सिडीजनेही हारबुर्गची व्हॅन बंद करून १९७७ साली ब्रेमेनच्या कारखान्यातून मागच्या चाकांची व्हॅन काढली होती. तीच बजाज टेम्पोने १९८७ साली ‘ट्रॅव्हलर’ म्हणून आणली. जर्मनीत ती १९९५ साली निवृत्त झाली, आपल्याकडे ती सुधारत सुधारत आजही चालू आहे, आणि २००५ पासून फोर्स मोटर्स असे नाव धारण केलेल्या त्या कंपनीचा बराच लौकिक तिच्यावर उभा आहे. गाडी भक्कम आहे, घाट चढते, दुरुस्तीस सोपी आहे. मॅटाडोर एकविसावे शतक उजाडता उजाडता मागे पडली. परंतु शाफ्ट परत आला आणि त्याच्याबरोबर तळही वर गेला, व त्याबद्दल कोणी हळहळ व्यक्त केल्याचे माझ्या वाचनात नाही.

ही हळहळ सर्वांत अधिक वाटावी ती रुग्णवाहिकेपाशी. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली आणि तिने असंख्य प्राण वाचवले. ट्रॅव्हलर घडणीच्या रुग्णवाहिका आज गावोगाव दिसतात. त्यांतील स्ट्रेचरचे पुढचे पाय गाडीच्या कडेला लागताच दुमडतात आणि स्ट्रेचर आत सरकतो, ही युक्ती उत्तम आहे. पण त्यासाठी पायाकडील माणसाला रुग्णाचा अर्धा भार गाडीच्या तळाच्या उंचीपर्यंत तोलून धरावा लागतो, आणि शेताच्या बांधावर, जेथे गाडी तिरपी उभी असते, तेथे ही उंची आणखी वाढते. त्या क्षणी डोक्याची बाजू वर आणि पायाची खाली अशा अवस्थेत रुग्ण असतो. ज्याचा मणका दुखावला आहे किंवा जिला प्रसूतीच्या कळा येत आहेत, त्या रुग्णासाठी दहा सेंटीमीटर ही क्षुल्लक बाब नव्हे. जो चालत येऊ शकतो अशा वृद्धासही पायरी म्हणून खाली लोंबकळणारी लोखंडी पट्टी आधी शोधावी लागते.

युरोपात दरम्यान वारे फिरले. फियाटने १९८१ साली काढलेली ड्यूकाटो पुढच्या चाकांची होती आणि तिच्या सखल सपाट तळामुळे तिकडचे रुग्णवाहिका बांधणारे नि फिरती घरे बांधणारे तिच्याकडे वळले. सर्वांत बोलका दाखला २०१८ चा आहे. मर्सिडीजने आपल्या स्प्रिंटर व्हॅनच्या तिसऱ्या पिढीत पुढच्या चाकांचा पर्याय पुन्हा उपलब्ध केला, आणि त्यामुळे मागची कड ८० मिलिमीटर खाली आली व ५० किलो अधिक माल नेता येऊ लागला. हारबुर्गची व्हॅन बंद केल्यानंतर चार दशकांनी त्याच घराण्याने तिचे तत्त्व पुन्हा स्वीकारले. घसरणाऱ्या चाकाला आवर घालणारी विद्युत्-उपकरणे आता साध्या मोटारींतही असतात, आपले घाटही पूर्वीचे राहिलेले नाहीत, आणि शहराच्या हद्दीतच दिवसभर फिरणाऱ्या व्हॅनला तर घाट लागतच नाही. तेव्हा मॅटाडोरवरील जुना आक्षेप आज तितक्या जोराने मांडता येत नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत हा प्रश्न आपोआप सुटेल अशी काहींची समजूत आहे. ती मला पटत नाही. लांब शाफ्ट गेला हे खरे, परंतु त्याच्या रिकाम्या जागेत आता बॅटरीची पेटी येऊन बसली आहे, आणि पेटी जाड असली की हौदा पुन्हा वर. बॅटरी आसनाखाली ठेवावी, की कडेच्या तुळयांत, की पसरट करून तळाशी, हे सर्व पर्याय अभियंत्यांपुढे आहेत. त्यांतला कोणता निवडावयाचा हे गिऱ्हाईक काय मागते यावर ठरेल. आणि रुग्णवाहिका, शाळेच्या गाड्या, महानगरपालिकांची सेवावाहने यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक शासन आहे. निविदेत अश्वशक्ती, वहनक्षमता, आसनसंख्या यांच्या अटी घातल्या जातात. त्यांच्याच जोडीला मागच्या कडेची जमिनीपासूनची उंची, गाडी रिकामी असताना आणि पूर्ण भरलेली असताना, मिलिमीटरमध्ये कळवावी व ती अमुक एका मर्यादेच्या आत असावी, अशी एक ओळ घालण्यास नवा कायदा लागत नाही. करसवलतीमुळे जो पैसा वाचणार आहे त्यातून काही खर्च या एका ओळीपायी वाढला तरी तो सत्कारणी लागेल, आणि निदान रुग्णवाहिकांच्या बाबतीत तरी ही अट येत्या खरेदीपासूनच अमलात यावी.