काळ्या मातीचा लाल घडा

गोदाकाठची काळी माती ओली असताना लोण्यासारखी मऊ लागते, पण वाळली की भेगाळते. तिच्यातल्या स्मेक्टाइट खनिजाचे पापुद्रे पाणी शोषून फुगतात आणि सुकताना आकसतात, म्हणून नुसत्या काळ्या मातीचा घडा भट्टीआधीच तडकतो. मग नाशिककडे भांड्यांसाठी माती बाहेरूनच आणावी, असे कुणी म्हणेल. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकची मातीची गढी आणि प्रवरेकाठचे जोर्वे उत्खनले. जोर्वे संस्कृतीची लाल, काळ्या नक्षीची, टिचकी मारताच खणखणणारी भांडी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत, आणि तीही याच काळ्या बसाल्ट दगडाच्या मुलखातली.

खरे कसब मिश्रणात आहे. नदीचा गाळ, वाळू, राख, लीद किंवा भुसा मिसळला की आकसणे कमी होते आणि वाफेला वाट मिळते. साधारण ६०० अंश सेल्सिअसला चिकणमातीतले बांधलेले पाणी निघून जाते. त्यानंतर ती पुन्हा चिखल होत नाही. रंगही इथलाच: बसाल्टमधून आलेल्या लोहाला भट्टीत भरपूर हवा मिळाली तर घडा लाल होतो, हवा कोंडली तर काळा. ‘ती सुबक भांडी तर चाकावरची होती,’ हा आक्षेप बरोबर आहे. पण त्याच लोकांनी जाडसर रांजण हातानेही घडवले. याच संस्कृतीच्या इनामगाव या वसाहतीत लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या अशा दोन कुंभांत, घराच्या जमिनीखाली पुरलेले आढळते.