बाभळीचे दरवाजे आणि शून्याचा अर्थ

धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याला १४ दरवाजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर ते उघडे ठेवावे लागतात. म्हणजे दरवर्षी पुराच्या दिवसांपूर्वी प्रत्येक दरवाजा वर उचलला गेलाच पाहिजे. एखादा अडकला तर?

असा धोका मोजण्यासाठी अभियंते गुण देतात. बिघाडाचा संभव १ ते १०, हानी १ ते १०. दोहोंचा गुणाकार म्हणजे धोक्याचा अंक. (कित्येक ठिकाणी बिघाड वेळीच ध्यानात येणे किती अवघड, याचाही तिसरा गुण धरतात.) हानीचा गुण देणे त्या मानाने सोपे. खरी अडचण संभवाची.

समजा, अशा एका बंधाऱ्यावर दहा वर्षांत मिळून १४० वेळा दरवाजे उचलले आणि एकदाही अडथळा आला नाही. मग संभव शून्य म्हणायचा का? विद्यार्थिमित्रांनो, वहीत हिशोब करून पाहा. शंभरात दोनदा अडकणारा दरवाजा एका खेपेस न अडकण्याचा संभव ०.९८. सलग १४० खेपा निर्विघ्न जाण्याचा संभव ०.९८ चा १४० वा घात, म्हणजे सुमारे ०.०६. थोडा खरा, पण नगण्य नव्हे! यावरून एक सोयीचा नियम निघतो. प्रयत्न पुष्कळ आणि बिघाड शून्य असेल, तर ३ ला प्रयत्नांच्या संख्येने भागावे. खरा संभव ९५ टक्के खात्रीने त्याहून कमी. येथे ३/१४०, सुमारे २ टक्के. हे क्षुल्लक वाटते. पण मग १४ पैकी निदान एक दरवाजा अडकण्याचा संभव जवळजवळ एक चतुर्थांश होतो!

आता १४,००० चाचण्यांत एकदाही न बिघडलेला विजेचा खटका घ्या. त्याची वरची मर्यादा ०.०२ टक्के. तक्त्यात मात्र दोघांनाही '१' गुण! हा निव्वळ आळस आहे. दरवाजापुढे '१ ते ४' असा पल्ला लिहावा. हानी ९ असेल तर धोका ९ ते ३६.

शिवाय साखळ्या गंजतात, झिजतात. जुन्या नोंदी तरुण साखळीच्या असतात. कर्नाटकात तुंगभद्रा धरणाच्या ३३ दरवाजांपैकी १९ व्याची साखळी १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुटली आणि दरवाजा वाहून गेला. धरण १९५० च्या दशकातले.

हा पल्ला आवळण्याचा उपाय म्हणजे अधिक चाचण्या. पण पाणी नसताना दरवाजा उचलून पाहिला, तर ती चाचणी अर्धीच. पाण्याचा दाब नसल्याने खोबणीतले घर्षणही तेव्हा फारच कमी असते.