पॉलिग्राफ चाचणीतील अपयश व पोलीस सेवेचे उमेदवार : अमेरिकेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
अमेरिकेत १९८८ च्या 'एम्प्लॉयी पॉलिग्राफ प्रोटेक्शन ॲक्ट' या कायद्याने बहुतांश खाजगी आस्थापनांना नोकरभरतीसाठी पॉलिग्राफ चाचणी घेण्यास मनाई केली. केंद्र, राज्य व स्थानिक शासन मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्यामुळे 'एफबीआय' तसेच अनेक पोलीस खात्यांच्या भरतीत ही चाचणी घेतली जाते. तीत अनुत्तीर्ण ठरलेला उमेदवार नोकरी तर गमावतोच, शिवाय 'खोटारडा' हा शिक्का आपल्यावर बसला असे त्यास वाटते. हा शिक्का कितपत खरा मानावा व उमेदवाराने पुढे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अपयशाचा अर्थ :
पॉलिग्राफ यंत्र श्वसन, रक्तदाब, नाडी व घामामुळे त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणारा बदल यांची नोंद करते. म्हणजेच ते असत्य मोजत नसून शरीराची उत्तेजना मोजते. ही उत्तेजना खोटे बोलण्याने होते, तशीच भीती, संकोच किंवा संताप यांनीही होते. तिचा अर्थ लावण्याचे काम परीक्षक करतो.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातील काल्पनिक उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत व चाचणी त्यांपैकी ८० टक्के हेर पकडण्याइतकी कडक ठेवली आहे, असे मानल्यास १,६०६ व्यक्ती अनुत्तीर्ण ठरतात. त्यांत हेर केवळ ८ असतात. उर्वरित १,५९८ निर्दोष असतात. याउलट सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा 'सीआयए'चा अधिकारी ॲल्ड्रिच एम्स १९८६ व १९९१ साली या चाचणीत उत्तीर्ण झाला होता. १९९८ च्या शेफर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही या चाचणीच्या विश्वसनीयतेबाबत एकमत नसल्याचे नमूद केले. सारांश, अपयश म्हणजे अप्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे.

अपयशानंतरची वाटचाल :
प्रथमतः, आठवण ताजी असतानाच विचारलेले प्रश्न, दिलेली उत्तरे व परीक्षकाशी झालेले संभाषण लिहून ठेवावे. उमेदवार अनेकदा यंत्राच्या नोंदीमुळे नव्हे, तर चाचणीच्या वेळी स्वतः दिलेल्या कबुलीमुळे अपात्र ठरतो. या दोन कारणांतील भेद समजल्याशिवाय पुढचा मार्ग ठरत नाही. यंत्राच्या नोंदीवर आक्षेप घेता येतो. खरी कबुली मात्र नाकारणे उचित नाही.

दुसरे, संबंधित खात्याच्या नियमांत अपील किंवा फेरचाचणीची तरतूद आहे काय, हे पाहून मुदतीत संयत भाषेत लेखी अर्ज करावा. केंद्रीय खात्यांच्या बाबतीत १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टनुसार स्वतःविषयीच्या नोंदी मागता येतात. तथापि काही भाग वगळला जाऊ शकतो.

तिसरे, अन्य खात्याच्या अर्जात पूर्वीच्या चाचणीविषयी विचारणा झाल्यास सत्यच सांगावे. एका खात्यातील अपयश दुसरीकडे आपोआप अपात्रता ठरतेच असे नाही. परंतु ते लपविणे हे मात्र अप्रामाणिकपणाचे खरे कारण ठरू शकते. श्वास रोखणे, औषधे घेणे यांसारखे उपाय याच कारणास्तव टाळावेत.

चौथे, परीक्षकाला पटावे म्हणून न केलेल्या कृत्याची कबुली कधीही देऊ नये. चाचणीचा निष्कर्ष कालांतराने मागे पडू शकतो. कबुली मात्र उमेदवाराच्याच शब्दांत कागदोपत्री राहते.

समारोप :
भारतात सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशी चाचणी घेणे घटनाबाह्य ठरविले. तो प्रश्न तपासातील व्यक्तीचा होता. अमेरिकेतील उमेदवाराची संमती असते. पण नकार दिल्यास नोकरीच हुकत असल्याने ती संमती कितपत मुक्त, हा प्रश्न उरतोच. आपले विद्यार्थी मानसशास्त्र, विधी वा न्यायवैद्यक शास्त्राच्या अभ्यासात या यंत्राविषयी वाचतात. यंत्राने दाखविलेली उत्तेजना व माणसाचे चारित्र्य यांतील अंतर त्यांच्या ध्यानी आणून देणे, हे अध्यापकांचे कर्तव्य होय.