फॉरमॅट मारला, म्हणजे ट्रोजन गेला?

इंदूरमध्ये कॉम्प्युटरचं काहीही बिनसलं तरी औषध एकच. मशीन आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये न्या, नाहीतर कॉलनीतल्या कॉम्प्युटरवाल्या भियाला घरी बोलवा, उत्तर ठरलेलं असतं : "अंकल, वायरस है, फॉर्मेट मार देते हैं." संध्याकाळी मशीन चकाचक होऊन परत येतं, पूर्वीपेक्षा भराभर चालतं आणि काका जाहीर करतात, की व्हायरस गेला. काका, मशीन भराभर चालतंय कारण ते रिकामं झालंय. ट्रोजन गेला की नाही, हा प्रश्न वेगळा आहे.

हा 'फॉरमॅट' म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. बहुतेक दुकानांत फक्त सी ड्राइव्ह पुसला जातो. डी ड्राइव्हला कोणी हात लावत नाही, कारण त्यात लग्नाचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट आणि 'सॉफ्टवेअर्स' नावाचा एक फोल्डर असतो. हा फोल्डर उघडून बघाच. फोटो एडिटिंगचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, कृतिदेव टायपिंगसाठी कुठल्यातरी साइटवरून उतरवलेला सेटअप, एखादा 'कीजेन', एखादा 'पॅच'. ट्रोजन बहुधा आलेला असतो तो इथूनच. व्हायरस एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये आपला आपण पसरतो. ट्रोजनला ते जमत नाही. तो उपयोगी वस्तूचं सोंग घेऊन येतो आणि कोणीतरी डबल क्लिक करण्याची वाट बघतो. फॉरमॅटनंतर घरी आलेलं मशीन पहिल्याच दिवशी त्या फोल्डरमधून 'पुन्हा सगळं टाकून' घेतं. म्हणजे पाहुणा परत आत, तोही आमंत्रण देऊन.

दुकानदाराने टाकलेल्या विंडोजची कथा आणखी सुरस. ती बहुधा ॲक्टिव्हेटर वापरून चालू केलेली असते. विंडोजमधला डिफेंडर अशा ॲक्टिव्हेटरला 'हॅकटूल' म्हणून पकडतो, म्हणून दुकानातला मुलगा आधी डिफेंडर बंद करतो किंवा तो फोल्डर तपासणीतून वगळून टाकतो. क्रॅकसोबत येणाऱ्या 'रीडमी' फाइलमध्ये तर सूचनाच असते : आधी अँटिव्हायरस बंद करा. प्रत्येक ॲक्टिव्हेटरमध्ये ट्रोजन असतोच असं मी म्हणत नाही. पण असला तर पकडणार कोण? पहारेकऱ्याला तुम्हीच सुट्टी दिली आहे. आणि गंमत अशी, की विंडोज ८ नंतरच्या काळात विंडोजसकट विकलेल्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये अस्सल परवान्याची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. त्याच आवृत्तीची विंडोज पुन्हा टाकली, की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. अस्सल माल घरात असताना लोक पैसे देऊन बनावट बसवून घेतात!

फॉरमॅट वाईट नाही. नीट केला तर तो सगळ्यांत भरवशाचा उपाय आहे. नीट म्हणजे असा : दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्यायचं, ते फुकट मिळतं. त्याने किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करायची. कागदपत्रं आणि फोटो तेवढे बाहेर काढून स्कॅन करायचे, सेटअप फाइल एकही घ्यायची नाही. मग सगळी पार्टिशन्स पुसून नव्याने सुरुवात. फर्मवेअरमध्ये लपून याही फॉरमॅटला पुरून उरणारे प्रकार आहेत, 'ईसेट' कंपनीने २०१८ मध्ये 'लोजॅक्स' शोधला तो तसलाच. पण तो सरकारी संस्थांवर सोडलेला होता, तुमच्या घरच्या मशीनसाठी एवढी मेहनत सहसा कोणी घेत नाही.

आता या गैरसमजाची दुसरी आणि जास्त महाग बाजू. समजा, फॉरमॅट अगदी शास्त्रशुद्ध झाला. चोर घराबाहेर गेला, पण किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच खिशात आहे. आजकालचे बरेच ट्रोजन मुक्कामाला येतच नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, लॉग-इन झाल्याची खूण असलेल्या कुकीज, कार्डांचे तपशील एवढं उचलून ते काही मिनिटांत बाहेर पाठवतात. कुकी चोरीला गेली तर ओटीपीही आड येत नाही, कारण त्या साइटच्या दृष्टीने तुम्ही आधीच आत आलेले असता. हे अतिशयोक्त वाटत असेल तर एक आकडा घ्या. 'लुमा' नावाच्या अशा एकाच चोरट्या प्रोग्रॅमने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातले ३,९४,००० हून अधिक विंडोज कॉम्प्युटर गाठल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं. त्या मशीन्सवर नंतर फॉरमॅट मारला म्हणून चोरीला गेलेला एक तरी पासवर्ड परत आला असेल का?

म्हणून ट्रोजन सापडला की पहिलं काम, इंटरनेट तोडणे. दुसरं, वेगळ्या स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदलणे. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळे पासवर्ड बदलण्याची वाट तिथूनच जाते. मग बँक. आणि प्रत्येक ठिकाणी 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' हा पर्याय दाबायचा, नुसता पासवर्ड बदलून चोरलेली कुकी दर वेळी मरत नाही.

ट्रोजन ओळखायचा कसा? मशीन हळू चालतंय यावरून नाही. हळू चालण्याचं कारण बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क किंवा तोकडी रॅम असते, आणि चांगला लिहिलेला ट्रोजन मशीन हळू होऊच देत नाही. त्यापेक्षा विंडोज सिक्युरिटी उघडा. तिथे व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये तळाशी 'एक्सक्लूजन्स' अशी यादी असते. तपासणीतून वगळलेल्या गोष्टी त्यात दिसतात. तुम्ही कधी काही वगळलं नसताना तिथे अख्खा सी ड्राइव्ह दिसला, तर समजून जा. डिफेंडर बंद असणं आणि चालूच न होणं, हीही तशीच खूण. मग स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजच्या आड लपणाऱ्यांची पंचाईत होते. साधारण पंधरा मिनिटांचं काम आहे, सिल्व्हर मॉलला पार्किंग शोधायलाही तेवढा वेळ लागतो. शेवटी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप ॲप्स'वर नजर टाका. अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच उडवू नका, आधी प्रकाशक कोण ते बघा.

उरलेले समज एका दमात. दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट संरक्षण : नाही, ते एकमेकांच्या पायांत येतात. पीडीएफ म्हणजे सुरक्षित : फाइलचं एक्स्टेंशन दिसू द्या, मग कळेल की 'इनव्हॉइस डॉट पीडीएफ'च्या पुढे 'डॉट ईएक्सई' लपलं होतं. स्क्रीनवर 'तुमचा कॉम्प्युटर बाधित आहे, या नंबरवर फोन करा' असं येतं : फोन करू नका, आमच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलं आहे. मॅकला ट्रोजन होत नाही : होतो.

अँटिव्हायरस कंपन्याच व्हायरस सोडतात, हे वाक्य मराठी घरांतही हमखास ऐकू येतं. क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचंच बघा, तिची सुरुवात पुण्यात झाली. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय काटकर यांनी दुरुस्तीला येणारी बाधित मशीन्स बघून औषध लिहायला घेतलं. रोग आधी होता. शिवाय डिफेंडर विंडोजसोबत फुकट येतो, मग मायक्रोसॉफ्टने व्हायरस सोडून काय कमवायचं? सरकारही फुकट मदत करतं. इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्यांदा पहिलं आलं त्याच वर्षी, २०१७ च्या फेब्रुवारीत, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र सुरू झालं. त्याच्या साइटवर मशीन साफ करायची साधनं मोफत मिळतात. ओला आणि सुका कचरा न चुकता वेगळा करणाऱ्या आपल्या शहरात हे केंद्र किती जणांना ठाऊक आहे, विचारून बघा.

आणि ट्रोजनमुळे खात्यातून पैसे गेले असतील, तर फॉरमॅटचं नावही काढू नका. आधी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा, तोही तासाभरात, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच ते रोखता येतात. तक्रार नोंदवून पोलीस सांगत नाहीत तोवर मशीन नेटपासून तोडून तसंच ठेवा. त्यातला ट्रोजन हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे, आणि भियाने फॉरमॅट मारला की तोच सगळ्यांत आधी जातो.