दर उतरला, पण सोलापूरचं काय?

देशातला बेरोजगारीचा दर ऑगस्ट २०२५ मध्ये ५.२ वरून ५.१ टक्क्यांवर आल्याची बातमी सर्वांनी वाचली. त्याच ऑगस्टच्या २७ तारखेपासून अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि टॉवेल निर्यात करणाऱ्या सोलापूरच्या पोटात गोळा आला. देशाचा दर उतरत असतानाच एखादं शहर कामाच्या चिंतेत असू शकतं, आणि त्याचं कारण दर काढण्याच्या रीतीतही आहे.

मासिक दरासाठी सरकारी श्रमबल पाहणीत आधीचे सात दिवस बघतात. त्यातल्या एखाद्या दिवशी तासभर काम केलेलं असलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. जगभरच्या तुलनेला ही व्याख्या सोयीची आहे, पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराची ओढाताण तिच्यात मावत नाही. मागणी घटली की आधी पाळी कमी होते, मग कामाचे दिवस. मजुरी विणलेल्या मालावर असल्याने सहाऐवजी तीनच दिवस माग चालले, तर घरात निम्मे पैसे येतात. बेरोजगारीचा दर मात्र जागचा हलत नाही.

बिडी वळणाऱ्या बायकांची गोष्ट याहून बिकट आहे. सोलापुरात अशा हजारो जणी आहेत. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा आणि माल कारखान्यात नेऊन द्यायचा. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने. खराब ठरलेल्या बिड्यांचे कष्ट वाया. कारखान्याने पान-तंबाखू कमी दिली, तर पाचशे बिड्यांवरच दिवस संपतो. ही बाई सरकारी हिशेबात रोजगारात आहे. तंबाखूची धूळ वर्षानुवर्षं छातीत घेऊनही ती हे काम सोडत नाही, कारण हात रिकामे ठेवणं तिला परवडणारं नाही. गरीब शहरात बेरोजगारी कमी दिसते, ती बऱ्याचदा अशा नाइलाजामुळे.

१८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजीपर्यंत गिरण्यांनी हे शहर वाढवलं. त्या बंद पडल्या तेव्हा कामगार रस्त्यावर आल्याचं साऱ्या गावाला दिसलं. हजेरीपटावर नावं होती, संघटना होत्या. आज काम तुकड्या-तुकड्याने कमी होतं आणि त्याचा गाजावाजा होत नाही. शिकलेली मुलं पुण्याची गाडी धरतात. तिथे बिऱ्हाड केलं की त्यांची मोजणीही पुण्यात होते. नोकरी शोधणारा तरुणच शहराबाहेर गेला, तर इथला दर आपोआप बरा दिसणार.

जानेवारी २०२५ पासून सरकारच्या या श्रमबल पाहणीच्या नमुना निवडीत जिल्हा हा मूळ घटक धरला आहे. मासिक पत्रक अजून देशाचाच आकडा सांगतं, पण जिल्ह्याचं चित्र काढण्याची वाट आता मोकळी झाली आहे. राज्य सरकारने तिचा उपयोग करून सोलापूर, मालेगाव, इचलकरंजीसारख्या शहरांसाठी तीन गोष्टी नियमित जाहीर कराव्यात : आठवड्यात किती दिवस काम मिळालं, त्याची मजुरी किती पडली आणि किती जण कामासाठी बाहेर गेले. टॉवेलची मागणी घटली तर मदत कुणापर्यंत आणि कधी पोहोचवायची, हे या तीन आकड्यांवरून ठरवता येईल. नुसत्या टक्केवारीवरून ते ठरवणं अशक्य आहे.