अहवाल आला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला?

नांदेड आणि लातूरच्या न्यायालयांच्या आवारात ‘सीए रिपोर्ट आला का?’ हा प्रश्न रोज कानावर पडतो. रासायनिक विश्लेषकांच्या अहवालाला आपल्याकडे पोलीस, वकील, कारकून सगळे याच नावाने ओळखतात. अहवाल आला की खटल्याचा निम्मा निकाल लागला, असे अनेकांना वाटते.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि या अहवालांचे महत्त्व आणखी वाढले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत आणि त्याचे चित्रीकरणही करायचे आहे. राज्यांना यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. नांदेडला प्रादेशिक न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा आहे आणि राज्यात फिरत्या फॉरेन्सिक व्हॅनही आल्या आहेत. आता गरज आहे ती हा पुरावा गोळा करणाऱ्यांच्या, मांडणाऱ्यांच्या आणि तपासून पाहणाऱ्यांच्या तयारीची. त्या तयारीच्या आड येणारे काही गैरसमज इथे एकेक करून पाहू.

गैरसमज १ : पुरावा प्रयोगशाळेत तयार होतो.

वस्तुस्थिती : प्रयोगशाळा फक्त हाती आलेल्या नमुन्याबद्दल सांगते. नमुना वाचतो किंवा बिघडतो तो बहुतेक वेळा त्याआधीच.

रक्ताने भिजलेला शर्ट जप्त झाला आणि घाईत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधले, असे समजा. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. बंद पिशवीतल्या ओलाव्यात जंतू आणि बुरशी वाढतात आणि डीएनए नष्ट होऊ लागतो. योग्य पद्धत साधी आहे. शर्ट सावलीत पूर्ण वाळवायचा, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवायचा, पाकिटावर गुन्हा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या, लाखेची मोहोर लावायची आणि त्या मोहरेचा नमुना पंचनाम्यावर उमटवायचा. यासाठी यंत्र लागत नाही, सवय लागते.

त्यानंतर ताब्याची साखळी सुरू होते. पाकीट मुद्देमाल कारकुनाकडे कधी आले, कुठे ठेवले, कोणत्या हवालदाराने कोणत्या दिवशी नेले, प्रयोगशाळेत मोहोर शाबूत मिळाली का, यातली एक कडी जरी निखळली तरी पुढचा अहवाल लंगडा पडतो. ठाणे जिल्ह्यातील एका बालिकेच्या हत्येच्या खटल्यात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीची सुटका केली. नमुने पाठवायला झालेल्या उशिराचे समाधानकारक कारण सांगता आले नव्हते आणि मधल्या काळात ते कुठे, कसे होते हेही सिद्ध झाले नव्हते. डीएनए अहवाल असूनही तो टिकला नाही.

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत आणि उशीर झाला तर केस डायरीत कारण नोंदले पाहिजे. खटला सुरू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडता येणार नाही. ताब्याच्या साखळीची स्वतंत्र नोंदवही नमुना घेतल्यापासून निकालापर्यंत ठेवावी लागेल. नांदेड जिल्ह्यातलेच किनवट नांदेड शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. तिथल्या ठाणेदारासाठी ४८ तासांचा प्रश्न वाहनाचा, मनुष्यबळाचा आणि प्रयोगशाळेच्या वेळेचाही आहे. प्रशिक्षणात हे नियोजन शिकवले नाही, तर निर्देश कागदावरच राहतील.

गैरसमज २ : डीएनए जुळला की विषय संपला.

वस्तुस्थिती : डीएनए जुळला नाही, तर ‘हा माणूस तो नव्हे’ हे ठामपणे सांगता येते. जुळला, तर तो योगायोगाने जुळण्याची शक्यता किती, याचे गणित मांडावे लागते. शिवाय डीएनए फक्त ‘कोणाचा’ एवढेच सांगतो. तो तिथे केव्हा आणि कसा पोहोचला, हे सांगत नाही.

आपल्या गावांच्या दृष्टीने एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत अनेकदा वाय-एसटीआर ही चाचणी होते. ती पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर चालते आणि हे गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे बहुधा जसेच्या तसे जाते. त्यामुळे आरोपी, त्याचा भाऊ, चुलता, चुलतभाऊ या सगळ्यांचा निष्कर्ष सारखाच येऊ शकतो. ज्या गावात एका भावकीची दहा घरे शेजारी-शेजारी आहेत, तिथे ‘वाय-एसटीआर जुळला’ म्हणजे ‘हाच तो’ असे म्हणता येत नाही. हे सरकारी वकिलाला माहीत हवे, बचावाच्या वकिलाला विचारता यायला हवे आणि न्यायाधीशांना तोलता यायला हवे.

२०२२ मध्ये दिल्लीच्या छावला प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सोडताना सर्वोच्च न्यायालयाने याच उणिवेवर बोट ठेवले. डीएनएच्या निष्कर्षामागचा आधार काय आणि तंत्र विश्वासार्ह रीतीने वापरले का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी पाहिले नव्हते.

गैरसमज ३ : व्हिसेऱ्यात विष सापडले नाही, म्हणजे विषबाधा नव्हती.

वस्तुस्थिती : आपल्याकडे फवारणीची औषधे घरोघरी असतात आणि विषबाधेचे मृत्यूही होत असतात. त्यामुळे नांदेड-लातूरच्या न्यायालयांत व्हिसेऱ्याचा, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांचा, प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. अहवाल ‘विष आढळले नाही’ असा येण्याची कारणे अनेक असतात. रुग्ण काही दिवस रुग्णालयात जगला असेल तर शरीर विषाचे विघटन करते. उलट्या झालेल्या असतात, पोट धुतलेले असते. काही विषे हवेत उडून जातात, काही मृतदेह कुजताना नाहीशी होतात.

कधी चूक बरणीतच असते. रासायनिक तपासणीसाठीचा व्हिसेरा सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मेलिनमध्ये नव्हे, कारण फॉर्मेलिनमुळे अनेक विषे शोधणे अवघड होते. फॉर्मेलिन वापरतात ते ऊतींच्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी. जठर व आतड्याचा भाग एका बरणीत, यकृत व मूत्रपिंडाचे तुकडे दुसऱ्या बरणीत आणि रक्त वेगळ्या बाटलीत, अशी विभागणी असते. बरणी काठोकाठ भरायची नसते आणि वापरलेल्या द्रावणाचा नमुनाही सोबत पाठवायचा असतो. रुग्णालयात पहिल्याच दिवशी काढलेले पोटातले पाणी जपून ठेवले असेल, तर कित्येकदा तोच सर्वांत मोलाचा पुरावा ठरतो.

म्हणून नकारार्थी अहवाल आला तर उपचाराचे कागद, डॉक्टरांनी नोंदवलेली लक्षणे आणि शवविच्छेदनातील निरीक्षणे शेजारी ठेवून पाहावी लागतात. त्याचप्रमाणे, विष सापडले म्हणजे ते कोणी दिले हे आपोआप कळत नाही. १९८४ मध्ये महाराष्ट्रातील एका विषप्रयोगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याचे ‘पंचशील’, म्हणजे पाच कसोट्या मांडल्या. त्याच निकालात, विषाच्या खटल्यात हेतू, विषानेच आलेला मृत्यू, आरोपीच्या ताब्यातील विष आणि ते देण्याची संधी या चारही गोष्टी पाहायच्या, असे सांगितले. प्रयोगशाळेचा अहवाल त्यांपैकी फक्त एका गोष्टीला हात घालतो.

गैरसमज ४ : सीसीटीव्हीचा पेनड्राइव्ह किंवा व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट दिला की झाले.

वस्तुस्थिती : या विषयावरचा देशाला मार्गदर्शक ठरलेला निकाल मराठवाड्यातूनच गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ उलटून गेल्यावर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण त्याचा पुरावा होता. मात्र ते कोणत्या उपकरणातून कसे घेतले हे सांगणारे, त्या चित्रणासोबत लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

१४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले, तर ते लागत नाही. प्रमाणपत्र देणारा अधिकारी टाळाटाळ करत असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नसेल, तर पक्षकाराला अशक्य गोष्टीची सक्ती करता येत नाही. गोरंट्याल यांच्या बाजूने हाच मुद्दा उभा राहिला.

आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते. एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश मूल्यही लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली अक्षर-अंकांची ओळ. चित्रणातील एक कण जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते, त्यामुळे छेडछाड लगेच उघडी पडते. शिवाय डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, जागा भरली की जुने चित्रण पुसले जाते. म्हणून दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण पहिल्या एक-दोन दिवसांतच ताब्यात घ्यायला हवे.

गैरसमज ५ : अंगावर जखमा नाहीत, म्हणजे अत्याचार झालाच नाही.

वस्तुस्थिती : या गैरसमजाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. अंगावर जखमा नाहीत याला वजन देत १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. भीतीने गोठलेली व्यक्ती अनेकदा प्रतिकार करू शकत नाही; आणि केवळ शारीरिक प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे, हे आज कायद्यातच लिहिले आहे. तथाकथित ‘टू-फिंगर’ चाचणी करणे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. तपासणी करणाऱ्या डॉक्टरने ‘अत्याचार झाला नाही’ असा निवाडा द्यायचा नसतो. आढळलेल्या गोष्टी आणि घटनेनंतर किती तासांनी तपासणी झाली, हे लिहायचे असते.

गैरसमज ६ : नार्को केली की खरे बाहेर येते.

वस्तुस्थिती : २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करण्यास मनाई केली. औषधाच्या अमलाखाली माणूस कल्पनाही बोलतो. २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा सांगितले की केवळ अशा चाचणीवर दोषसिद्धी उभी राहू शकत नाही.

गैरसमज ७ : सरकारी तज्ज्ञाचा अहवाल म्हणजे अंतिम शब्द.

वस्तुस्थिती : काही सरकारी तज्ज्ञांचे अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही वाचता येतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मधील यादीत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही आहेत. पण त्याच कलमानुसार न्यायालय तज्ज्ञाला बोलावून विचारू शकते. तज्ज्ञाचे मत हा सल्ला असतो, निर्णय न्यायाधीशांचा असतो. कोणती पद्धत वापरली, नियंत्रण नमुना होता का, चुकीची शक्यता किती, हे अहवालात नसेल तर विचारलेच पाहिजे. तसेच आरोपीचा जबाब नोंदवताना त्याच्याविरुद्धचा अहवाल त्याच्यापुढे ठेवावा लागतो. ती संधी दिली नाही, तर तो अहवाल त्याच्याविरुद्ध वापरणे धोक्यात येते.

गैरसमज ८ : पोलिसांना शिकवले की पुरे.

वस्तुस्थिती : पुरावा पोलिसांच्या हातून डॉक्टरकडे, तिथून प्रयोगशाळेत, मग सरकारी वकिलाकडे आणि शेवटी न्यायाधीशांपुढे जातो. बचावाच्या वकिलाने त्यातील दोष दाखवला नाही, तर निर्दोष माणूस तुरुंगात जाऊ शकतो. विधी सेवा प्राधिकरणामार्फत गरिबांचे खटले लढवणाऱ्या वकिलांना तर हे ज्ञान सर्वांत आधी मिळायला हवे, कारण त्यांच्या अशिलाला खासगी तज्ज्ञ परवडत नाही.

खटले किती लांबतात तेही लक्षात घ्यावे लागते. नांदेडच्या पाटबंधारे नगरातील एप्रिल २००६ च्या स्फोटाचा निकाल जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे जवळपास १९ वर्षांनी लागला आणि आरोपी निर्दोष सुटले. इतक्या वर्षांत अधिकारी बदलतात, निवृत्त होतात, पंच विसरतात. त्या दिवशी लिहिलेला पंचनामा आणि नोंदवहीच मग बोलते.

मग प्रशिक्षण कसे हवे?

शिकवण्याची ठिकाणे आपल्याकडे आहेत. लातूरजवळ बाभळगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि त्यांचे न्यायवैद्यकशास्त्र विभाग आहेत. लातूर जिल्हा नांदेड पोलीस परिक्षेत्रातच येतो, त्यामुळे दोन्हीकडच्या पोलिसांना एकत्र शिकवणे सोपे आहे. न्यायाधीशांसाठी उत्तनची महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे.

मोठ्या सभागृहातील भाषणांपेक्षा एका निकाली निघालेल्या प्रकरणाची फाइल घेऊन बसणे अधिक उपयोगी. पंचनामा वाचायचा, पाकिटावरील नोंदी तपासायच्या, प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाची सरतपासणी आणि उलटतपासणी प्रत्यक्ष करून पाहायची. मुद्देमाल कारकून आणि नमुने नेणारे हवालदार यांनाही खुर्ची द्यायची. आणि हे सगळे मराठीत व्हायला हवे, कारण पंचनामा आणि जबाब मराठीतच लिहिले जातात.

एक मर्यादा मात्र काटेकोर पाळली पाहिजे. न्यायाधीशांच्या सत्रात प्रलंबित खटल्यांची चर्चा नको. विज्ञान शिकवताना सरकारी पक्षाइतकेच स्थान बचावालाही मिळायला हवे. नाहीतर प्रशिक्षणच एका बाजूला झुकेल.

दोन्ही जिल्ह्यांचे प्रधान जिल्हा न्यायाधीश, परिक्षेत्राचे पोलीस नेतृत्व, वैद्यकीय महाविद्यालये आणि वकील संघ यांनी मिळून वर्षाचे वेळापत्रक ठरवले, तर यासाठी नवी इमारत लागणार नाही की मोठा निधी लागणार नाही. सुरुवात व्हिसेऱ्यापासून आणि ४८ तासांच्या नियमापासून करावी. खरिपाची फवारणी सुरू होण्याआधी पहिले सत्र झाले, तर त्याच हंगामात त्याचा उपयोग होईल.